मूळ बकरी

देवकाबाईचं अंगण रिकामं असलेलं गावात कुणी पाहिलेलं नाही. इचोड्याहून आत वळलं, कापसाची रानं मागं टाकली, की गावाच्या कडेला तिचं घर लागतं. वर पत्रे, दारात चिंच, भोवती बोरीच्या काट्यांचं कुंपण आणि आत बकऱ्या. बकऱ्या किती असं तिला विचारू नका, ती सांगणार नाही. मोजल्या की नजर लागते म्हणते. पोरांना मात्र नजर लागत नसावी, कारण सुट्टीत अर्ध्या गावाची पोरं त्या चिंचेखाली असत आणि ती ज्याला-त्याला सांगत फिरे, "पाह्य ना, कोनाच्या घरी इतके लेकरं येतात?"

तिला स्वतःला मूल नव्हतं. गावानं आधी हळहळ केली, मग टोमणे मारले, मग गाव विसरून गेलं. देवकाबाई विसरली नाही. नवरा मोतीराम सकाळी बकऱ्या घेऊन रानात जाई तो दिवस कलल्यावर परते, आणि बोलण्याच्या बाबतीत तो बकऱ्यांच्याही मागं होता. त्यामुळं घरात बोलायचं काम तिचं एकटीचं.

मग दीपमाला आली. म्हणजे धाकट्या दिराची पोर. दीर पंढरी नागपूर रस्त्यावर लॉरी चालवायचा आणि त्याची बायको भाग्यलक्ष्मी इचोड्यात शिलाईच्या दुकानात बसायची. भाड्याची एक खोली, दिवसभर मशीन, आणि पोर सदा आजारी. वर्षाची असताना तिला इथं आणून ठेवली, 'थोडे दिवस' म्हणून. बकरीच्या दुधावर पोर सुधारली, गुटगुटीत झाली, धावायला लागली, शाळेत जायला लागली, आणि थोडे दिवस काही संपले नाहीत. ते संपावेत असं देवकाबाईला वाटतही नव्हतं.

कुणी दीपमालाला काही विचारलं, तुझं नाव काय, बिस्कीट पाहिजे का, तर ती आधी देवकाबाईच्या तोंडाकडे पाही आणि मगच बोले. गावातल्या बायका हसत. देवकाबाई वरवर रागवे, "माह्याकडे काय पाह्यतं, बोल की." पण पोर आपल्याकडे पाहते याचं तिला इतकं सुख होतं की त्या दिवशी बकरीनं दूध कमी दिलं तरी चाले.

शेजारच्या कुसुमबाईनं एकदा सांगून पाहिलं. "देवका, बटईची बकरी कितीबी चार, मूळ मालकाचीच रायते वं."

बटई इकडं सगळ्यांना ठाऊक. दुसऱ्याची बकरी आणायची, चारायची, दुखलं-खुपलं पाहायचं. पिल्लं झाली की अर्धी त्याची, अर्धी आपली. मूळ बकरी मात्र वाटणीत येत नाही. मालकानं मागितली की दाव्यासकट द्यायची. देवकाबाईनं उभा जन्म बटई केली होती, दीपमालालाही तिनंच ती समजावून सांगितली होती. पण कुसुमबाईचं बोलणं तिच्या मनाला झोंबलं. "तू तुह्या बकऱ्या पाह्य," ती म्हणाली, आणि पुढं बरेच दिवस कुसुमबाईला विरजण दिलं नाही.

यंदा उन्हाळ्यात भाग्यलक्ष्मी आली ती पिशवी घेऊनच. "बाई, दीपूले आता नेतो म्हनतो. जूनमधे शाळा लागते, इचोड्याच्या शाळेत नाव टाकलं. तवरक मी अठीच रायतो. तिले माही सवय हून जाईन."

"राय ना. तुहंच घर हाय," देवकाबाई म्हणाली. तोंडानं म्हणाली. पोटात मात्र कुणीतरी निखारा ठेवल्यासारखं झालं, आणि तो पुढं रोज फुलत गेला.

कारण ही बाई काही नुसती राहिली नाही. तिनं येताना रंगीत चिंध्या आणल्या होत्या, त्यांचे पोरींना बाहुल्यांचे झगे शिवून दिले. पोरांत पोर होऊन लगोरी खेळली, साडी खोचून डाबडुबली खेळताना चिंचेवर चढली. हसली तर कुंपणापलीकडे ऐकू जाई. पोरं आता सकाळी आली की "काकू उठली का?" असं विचारत. देवकाबाई समोर ताक घुसळत बसलेली असे. तिला कुणी काही विचारत नसे.

आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा, ती मनात म्हणे. रात्र-रात्र पोरीच्या कपाळावर पट्ट्या मी ठेवल्या, आणि ही आली झगे शिवत. मोतीरामला तिनं हे तीनतीनदा ऐकवलं. तो म्हणाला, "तिची पोरगी हाय ना वं." त्या दिवशी मोतीरामला भाकरीबरोबर नुसता ठेचा मिळाला.

तरी देवकाबाईकडे एक गोष्ट उरली होती, गांधीलमाशांची.

उन्हात बकऱ्यांच्या पाण्याच्या टाक्यावर गांधीलमाशा येतात. पिवळ्याजर्द, लांब पाय लोंबत, पाण्यावर बसतात आणि उडतात. जिथं पाणी तिथं पोरं, आणि जिथं पोरं तिथं हात झाडणं आलंच. हात झाडला की माशी डसते. म्हणून देवकाबाईनं पोरांना खेळच लावून दिला होता. ती ओरडायची, "दगड!" की असेल तिथं उकिडवं बसायचं, डोकं गुडघ्यात घालायचं, हात पोटाशी, हलायचं नाही. जो हलला तो माती, त्याच्यावर राज्य. भणभण करत माशी येई, केसांवरून फिरे, आणि दगडाला काय डसायचं म्हणून निघून जाई. त्यातूनही कुणाला डसलीच तर देवकाबाईच्या कमरेला चुन्याची डबी होती. पोर बोंबलत तिच्याकडे येई, ती बोटानं चुना लावी आणि फुंकर घाली. ही फुंकर तिच्या हक्काची होती.

त्या माशांचं घर कुठं, हेही सगळ्या पोरांना ठाऊक होतं. बकऱ्यांच्या कोठ्यामागं वाळल्या तुराट्यांची एक जुनी खोपी होती, बकऱ्यांच्या पिलांना कोंडायची. तिच्या आत वरच्या आडव्याला माशांनी पोळं धरलं होतं, हातभर. जाळावं तर उन्हाळा, शेजारी कापसाच्या वाळल्या पराट्यांची गंजी. धूर करायचा म्हणजे घराला काडी लावायची. म्हणून देवकाबाईनं पिलं दुसरीकडे हलवली आणि पोरांना बजावलं, पाणी पडेस्तवर खोपी माशांची. पोरं तिकडं फिरकत नसत. भाग्यलक्ष्मीला मात्र हे कुणी सांगितलं नव्हतं. पोरांना वाटलं मोठ्या माणसाला माहीतच असतं. आणि देवकाबाईला... देवकाबाईला रोज वाटे, सांगू. रोज काहीतरी व्हायचं आणि सांगणं राहायचं.

त्या दिवशी लपाछपी चालली होती. दीपमालावर राज्य होतं. चिंचेच्या बुंध्याला तोंड लावून ती मोठ्यानं आकडे म्हणत होती, तेही शाळेतल्या तेलुगूत; गाव तेलुगू मुलखाच्या हद्दीतलं, शाळाही तेलुगूच. पोरं पांगली. भाग्यलक्ष्मी साडी सावरत कोठ्यामागं पळाली. देवकाबाई टाक्यापाशी बादली घेऊन उभी होती. खोपीच्या दारात भाग्यलक्ष्मी थबकली, वळून तिच्याकडे पाहून हसली, आणि ओठावर बोट ठेवून खूण केली. सांगू नका.

देवकाबाईनं सांगितलं नाही.

'थांब' हा शब्द तिच्या जिभेवर आला होता. तो तिनं गिळला. का गिळला ते तिला नीट माहीत होतं. डसू दे एकदा. सुजू दे ते हसरं तोंड. मग पाहू पोरं कुणाकडे पळतात ते.

आतून तुराट्या मोडल्याचा आवाज आला, मग किंकाळी. भाग्यलक्ष्मी बाहेर आली ती दोन्ही हात झाडत, पदर फडफडत. जितकी झाडे तितक्या माशा चिडत. देवकाबाईच्या तोंडून सवयीनं निघालं, "दगड!"

सगळी पोरं जिथल्या तिथं बसली. कोठ्याच्या आडोशाला एक, गंजीमागं दोन, डोकी गुडघ्यात. एकटी दीपमाला बसली नाही. ती चिंचेपासून निघाली आणि सरळ माशांत शिरली.

"दीपू, दगड! दगड वं दीपू!" देवकाबाईनं घसा फोडला. पोरीनं तिचं न ऐकण्याची ती पहिली वेळ.

दीपमालानं आईच्या साडीला धरून तिला खाली ओढलं. "आई, दगड हो! हालू नोको! हात पोटात घे!" आईला उकिडवं बसवून ती तिच्या डोक्यावर आपल्या अंगाचं झाकण करून राहिली. एक माशी तिच्या दंडाला डसली, दुसरी मानेला. पोर कण्हली, पण हलली नाही. देवकाबाईनंच तिला तसं घडवलं होतं. देवकाबाईही मग होती तिथं उकिडवी बसली, कारण पुढं जावं तर माशा आणखी उठतील. बसल्या बसल्या तिला भणभण ऐकू येत होती आणि त्याखाली दोघींचा श्वास.

हळूहळू माशा खोपीत परतल्या. दीपमाला उठली. दंड टरारून सुजलेला, डोळ्यांत पाणी. ती धावत निघाली ती देवकाबाईकडेच.

खोटं कशाला सांगायचं, त्या क्षणी देवकाबाईला आनंद झाला. तिनं बादली टाकली, हात पसरले, एका हातानं कमरेची डबी चाचपली. आली, माझ्याकडेच आली.

दीपमालानं तिच्या कमरेची डबी ओढून घेतली आणि तशीच मागं पळाली. आईसमोर बसून तिनं चुन्यात बोट बुडवलं, आईच्या भुवईला लावलं, गालाला लावलं, आणि ओठ पुढं काढून फुंकर घातली. लांब, गार, थांबून थांबून. देवकाबाई घालायची तशीच.

देवकाबाईचे हात अजून पसरलेलेच होते. ते तिनं पदराला पुसले.

संध्याकाळी मोतीराम आला तेव्हा भाग्यलक्ष्मीचा एक डोळा मिटून गेला होता आणि ओठ वाकडा झाला होता. चौघं जेवायला बसली. दीपमालानं भाकरीचा तुकडा मोडला आणि विचारलं, "मोठीमाय, तुले तं ठाव होतं, खोपीत माशा हाय म्हून. आईले काऊन नाई सांगतलं?"

मोतीरामचा हात ताटातच थांबला. देवकाबाई ताटातली भाकरी कुस्करू लागली.

"सांगतलं होतं वं बाईनं," भाग्यलक्ष्मी वाकड्या ओठानं म्हणाली. "माह्याच ध्यानात नाई राह्यलं." आणि तिनं देवकाबाईच्या ताटात कालवण वाढलं.

भांडली असती तर बरं होतं. शिव्या दिल्या असत्या, गावभर केलं असतं, तर देवकाबाईलाही चार शब्द बोलता आले असते. या बाईनं तेवढीही सोय ठेवली नाही. देवकाबाई ताटावरून उठली आणि कोठ्यात जाऊन बकऱ्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. तिला लाज वाटत होती आणि रागही येत होता, आणि मत्सर तर जागच्या जागी होता. तो काही चुन्यानं उतरण्यातला नव्हता.

जायच्या दिवशी पंढरी लॉरी घेऊन रस्त्यावर थांबला. देवकाबाईनं पोरीचे कपडे बांधले, लहानपणची गोधडी बांधली, आणि शेवटी कमरेची चुन्याची डबी काढून भाग्यलक्ष्मीच्या हातात दिली. "राहू दे. तिकडेबी माशा असतीन," एवढंच म्हणाली. भाग्यलक्ष्मीनं डबी कमरेला खोचली. मग वाकून पाया पडली.

दीपमाला कोठ्यातून आपली चिमणी ओढत घेऊन आली. चिमणी म्हणजे कानावर पांढरा ठिपका असलेली पाठ, अजून न व्यालेली तरणी बकरी. गेल्या होळीला जन्मली तेव्हाच देवकाबाईनं ती पोरीच्या नावानं केली होती. पोरीनं दाव्याचं टोक देवकाबाईच्या हातात ठेवलं आणि मोठ्या माणसासारखी बोलली.

"मोठीमाय, माही चिमणी तुह्यापाशी बटईनं ठेवली. पिल्लं झाले का अर्धे तुहे, अर्धे माहे."

देवकाबाईला हसू आलं. "अन् मूळ बकरी?"

"मूळ माहीच ना वं. मूळ वाटणीत येत नाई. तूच तं सांगतलं होतं."

"व्हय," देवकाबाई म्हणाली. "मीच सांगतलं होतं. मंग मालकीन कवा येईन पाहाले?"

दीपमालानं तोंड उघडलं, आणि बोलायच्या आधी मान वळवून आईच्या तोंडाकडे पाहिलं.

भाग्यलक्ष्मीच्या डोळ्याची सूज अजून पुरती उतरली नव्हती. तिनं हसून मान डोलावली.

"दिवाळीले," दीपमाला म्हणाली.

"बरं," देवकाबाई म्हणाली. तिनं दाव्याचा मनगटाला एक वेढा दिला आणि चिमणीला पाण्यावर घेऊन गेली.