आतला जिना

निवृत्तीनंतर मराठी माणसाने झाशीत राहू नये, असा कारखान्याच्या वसाहतीत एक अलिखित नियम होता. निरोपाचा हार गळ्यातून उतरला की ट्रक बोलवावा आणि नागपूर, पुणे, फार तर भोपाळ गाठावे. ड्राफ्ट्समन श्यामसुंदर खानझोडे यांनी हा नियम मोडला, आणि तोही अशा जागी की ऐकणाऱ्याने कपाळाला हात लावावा. दतिया गेट या जुन्या वेशीच्या आत, भर बाजारवस्तीत, जुने गोदाम पाडून मोकळी झालेली अठरा फूट रुंद आणि चाळीस फूट खोल जागा त्यांनी घेतली आणि तिच्यावर एका कुटुंबापुरते घर बांधायला काढले.

“गल्लीत ट्रक शिरत नाही, तिथे तू घर बांधतोस?” नागपूरला स्थायिक झालेले जुने सहकारी सुबोध फोनवर म्हणाले. “विटा काय डोक्यावरून नेणार?”

“गाढवांवरून. इथे तशीच पद्धत आहे.”

“मग एकूण गाढवे किती झाली? तुला धरून?”

खानझोडे हसले. खरे कारण त्यांनी सुबोधला सांगितले नाही, कारण ते एका वाक्याएवढेच होते. निवृत्तीच्या आदल्या वर्षी पत्नी प्रेमला वारली. तेराव्याचे जेवण आटोपल्यावर मुलगा निशांत क्वार्टरच्या पायरीवर बसला होता. तेव्हा तो म्हणाला, “बाबा, ऑफिसने घरूनच काम चालू ठेवले तर आम्ही झाशीलाच येऊन राहू. तुम्ही एकटे कशाला?” एवढेच. पुढे त्याने तो विषय काढला नाही आणि यांनी विचारला नाही. आयुष्यभर यंत्रांच्या सुट्या भागांचे नकाशे काढलेला हा माणूस. माप लिहिलेले नसेल तर साधा बोल्टही कागदावर उतरवत नसे. त्याने या बिनमापाच्या वाक्यावर पाया खणला.

काम चालू असेतो ते जवळच एक खोली भाड्याने घेऊन राहिले. दोन गल्ल्या पलीकडे पिढ्यान्‌पिढ्या इथे नांदलेली मराठी घरे होती. तिथल्या अहिल्याबाईंनी एकदा त्यांना चहाला बोलावले, आपुलकीने चौकशी केली आणि निघताना म्हणाल्या, “तुम्ही कारखान्याकडचे, नाही का?” वर्धेजवळच्या आपल्या मूळ गावी गेले की भाऊबंद त्यांना झाशीवाले म्हणत. दोन्हीकडे त्यांनी मान डोलावली होती.

भिंती वर येऊ लागल्या तसा कढोरे मिस्त्रीशी त्यांचा वाद रंगू लागला. वाद एकच, जिन्याचा. कढोरे साठीचा, बुंदेली बोलणारा, आणि हाताइतकीच जीभही चालवणारा.

“बाऊजी, जीना बाहर सें डारो. ऊपर किरायेदार धर लियो, मजे सें रहियो.”

“किरायेदार नहीं रखना, कढोरेजी. ऊपर बेटा रहेगा.”

“तो मोड़ा सोई बाहर सें चढ़ जैहै! ऊके गोड़े पिरात का?”

मुलाचे गुडघे दुखतात की काय, या प्रश्नावर सगळे मजूर हसले. खानझोडेही हसले, पण नकाशावरचे बोट त्यांनी हलवले नाही. बाहेरचा जिना म्हणजे वरचे बिऱ्हाड वेगळे आणि खालचे वेगळे. महिना महिना एकमेकांचे तोंड दिसले नाही तरी कोणाचे काही अडत नाही. आतला जिना बैठकीच्या खोलीतून चढणार होता. सकाळी बाहेर पडणाऱ्याला त्यांच्या खुर्चीसमोरूनच जावे लागणार होते, आणि जाताना “येतो” म्हणावेच लागणार होते. संध्याकाळी परतणाऱ्याची चप्पल तिथेच वाजणार होती. नात रेवती चार वर्षांची; तिच्या पायांचा विचार करून त्यांनी पायरीची उंची सहा इंच धरली. त्यामुळे पायऱ्या वीस झाल्या आणि बैठकीची खोली आखडली. ती आखडू दिली.

स्लॅबचा दिवस गुरुवार ठरला. झाशीत त्याला लेंटर म्हणतात. जिना आतून असेल तर स्लॅबमध्ये त्याच्यापुरती जागा उघडी सोडावी लागते, म्हणून मंगळवारपर्यंत शेवटचे सांगा, असे कढोऱ्याने बजावले. खानझोड्यांच्या मनात संशय नव्हता. पण ज्याच्यासाठी काम करायचे त्याची सही घेतल्याशिवाय नकाशा खाली कारागिरांकडे पाठवायचा नाही, ही चौतीस वर्षांची सवय. त्यांनी नकाशाचा फोटो काढून निशांतला पाठवला आणि खाली लिहिले, ‘एकदा पाहून घ्यावे.’

रविवारी सकाळी पुण्याहून फोन आला. सूनबाई ऋता बोलत होती.

“बाबा, नकाशा किती सुरेख काढलाय हो तुम्ही! एक सुचवू का? जिना बाहेरून घ्या ना. वरचा मजला भाड्याने देता येईल. भर बाजारातले घर, भाडेकरू लगेच मिळेल. एखादे चांगले कुटुंब आले तर तुम्हालाही सोबत होईल.”

तिच्या आवाजात काळजी होती, आणि आडपडदा मुळीच नव्हता. दोन वर्षांपूर्वी पायरीवर बोललेले वाक्य तिला ठाऊकच नसावे.

“निशांत आहे का तिथे?” त्यांनी विचारले.

“हां, बाबा.” स्पीकरवरून निशांतच बोलला.

“तुझे काय मत?”

पलीकडे रेवती कशासाठी तरी हट्ट करत होती. अवघड बोलायचे असले की निशांत शाळेत असल्यापासून हिंदीत शिरत असे.

“ऋता ठीक कह रही है, बाबा. वही प्रैक्टिकल रहेगा.”

“बरे,” खानझोडे म्हणाले. “रेवतीला खाऊ पाठवला होता, मिळाला का?”

खाऊ मिळाला होता. फोन ठेवल्यावर त्यांनी खाटेवर नकाशा पसरला, चष्मा पुसला आणि खोडरबर घेऊन वरून खाली एकेक पायरी पुसत आणली. घाई केली नाही. घाईने कागद फाटतो. विसाव्या पायरीनंतर तिथे एक लांबट रिकामी जागा उरली. बैठकीतला थोडा भाग तिला जोडला तर एक लहान खोली होत होती. त्यांनी भिंत आखली, दार दाखवले, मापे घातली. खोलीचे नाव मात्र लिहिले नाही.

मंगळवारी कढोरे कंबर कसूनच आला होता. “हओ बाऊजी, बताओ, छेद कितै छोड़ने?”

“छेद नहीं छोड़ना. जीना बाहर से.”

महिनाभर भांडून जिंकलेला माणूस, पण कढोरे हसला नाही. “काय? मोड़ा नईं आ रओ?”

“आएगा. छुट्टियों में.”

कढोऱ्याने काढलेली विडी न पेटवताच कानामागे खोचली. मग तो शिडीने वर गेला आणि फळ्या ठोकणाऱ्या माणसावर विनाकारण ओरडला.

गुरुवारी सकाळी मिक्सरची घरघर सुरू झाली. वीस माणसे साखळी धरून घमेली वर देत होती. लेंटरच्या दिवशी मालकाने कामावरच्या सर्वांना जेवू घालायचे, हा इथला रिवाज. खानझोड्यांनी नारळ फोडला, पुरी-भाजी आणि बुंदीचे लाडू आणवले, आणि कमरेला टॉवेल बांधून स्वतः वाढले. दुपारी त्या घरात एकवीस माणसे जेवली. “बाऊजी, एक लड्डू और,” अशी हाक आली की ते अगत्याने धावत. संध्याकाळी सगळे हातपाय धुऊन निघून गेले.

त्यानंतर स्लॅब मुरेपर्यंत तीन आठवडे कामावर कोणी येणार नव्हते. काम उरले ते मालकाचेच. कढोऱ्याने स्लॅबवर सिमेंटवाळूचे बोटभर उंचीचे बांध घालून वाफे पाडून दिले होते. ते दोन वेळा पाण्याने भरायचे. गावाकडे शेतात वाढलेल्या खानझोड्यांना वाफ्यात पाणी सोडणे शिकवावे लागले नाही. ते बांबूच्या शिडीने वर चढत, पाइप एका वाफ्यात टाकत, आणि तो भरेपर्यंत उभे राहत.

पाचव्या दिवशी सकाळी ते वर असतानाच निशांतचा फोन आला. या वेळी तो एकटा होता.

“बाबा, जिना बाहेरून घेतला?”

“घेतला. ऋताचे बरोबर होते.”

“बाबा, मी तेव्हा म्हणालो होतो… आईच्या वेळी. मला आठवतंय. पण आता ऑफिस रोज बोलावतं. रेवतीची शाळा पण…”

तो अडखळत होता, पण मराठीत बोलत होता. तीन वाफे भरेपर्यंत हे गप्प राहिले असते तर त्याने सगळे सांगितले असते, कदाचित रडलाही असता. खानझोड्यांनी त्याला तेवढे बोलू दिले नाही.

“अरे, ते मी केव्हाच धरून चाललो होतो,” ते म्हणाले. आपल्या मुलाशी आपण इतके सफाईने खोटे बोलू शकतो, याचे त्यांना नवल वाटले. “खाली एक खोली जास्तीची निघाली आहे. पाहुण्यांसाठी. दिवाळीला तिघे या, तिथे उतरा.”

“येऊ, बाबा. नक्की येऊ.” त्याच्या आवाजातले ओझे उतरलेले स्पष्ट ऐकू आले.

“तारीख ठरली की कळव. रंगाचे काम त्याआधी उरकून घेतो.”

भाड्याच्या खोलीत परतल्यावर त्यांनी नकाशा पुन्हा काढला आणि त्या बिननावाच्या चौकोनात सुवाच्य, सरळ अक्षरांत ‘पाहुण्यांची खोली’ असे लिहिले. मग दुसऱ्या वेळचे पाणी द्यायला ते पुन्हा शिडी चढून वर गेले.