दस्तगीरमामांची बाकी राहिलेली भिंत

रंगकामाला बोलावलेला माणूस घरात आल्यावर आधी काय करतो? भिंतीवर हात फिरवतो, मनात फूट मोजतो, चहा घेतो आणि शेड कार्ड उघडतो. दस्तगीरमामांनी यातलं काहीच केलं नाही. चपला दाराबाहेर काढल्या, रिकाम्या खोलीत शिरले आणि सरळ फरशीवर मांडी घालून भिंतीला पाठ टेकवून बसले. पाच मिनिटांनी उठले, समोरच्या भिंतीपाशी जाऊन बसले. मग तिसऱ्या. मी शेड कार्ड घेऊन दारात उभी. पावणेअकराला माझी शाळा भरते, आणि हे गृहस्थ आमच्या घरात आसनं घालत फिरतायत!

"मामा, रंग ठरवायचाय ना?"

"त्येच करतोय की बाई. भिंत उभ्यानं बगायची नसती. मानूस खोलीत बसतोय, उभा कुटं ऱ्हातोय?"

तेव्हाच त्यांना वाटेला लावायला हवं होतं, असं पुढचे अठरा दिवस मला रोज वाटत राहिलं.

मामा मूळचे तासगावचे. तरुणपणी तिथं ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांवर नावं आणि मोर रंगवायचे. पुढं लेकीचं लग्न झालं, बायको वारली, आणि साताऱ्यात कामं जास्त मिळतात म्हणून इथं खोली घेऊन राहिले. सत्तरीकडं झुकलेले, किडकिडीत, पांढरा सदरा. त्या सदऱ्यावर मी रंगाचा एक थेंब कधी पाहिला नाही. कामातही तसेच नेटके. मात्र त्यांना घाई ही गोष्ट ठाऊक नव्हती, आणि मला त्या दिवसांत घाईशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं.

घाईचं कारण असं. माझ्या लेकीला, ऋतुजाला, पुण्याचं एक स्थळ सांगून आलं होतं. मुलं एकमेकांना पसंत होती, राहिली होती ती मोठ्यांची भेट. तीन आठवड्यांनी रविवारी ती मंडळी साताऱ्याला आमच्याकडं जेवायला येणार होती. आमचं घर म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, आबांनी, पलटणीतून निवृत्त झाल्यावर बांधलेलं साधं स्लॅबचं घर. लग्न होऊन मला चोवीस वर्षं झाली, आणि चोवीस वर्षं आम्ही स्वयंपाकघराच्या मागच्या खोलीत फरशीवर बसून जेवलो. सासूबाईंना, आईंना, टेबल चालायचं नाही. त्यांना जाऊन दीड वर्ष झालं होतं. मी मधली भिंत पाडून घेतली, सहा खुर्च्यांचं टेबल सांगितलं आणि ठरवलं की पुण्याच्या माणसांना काही मी सतरंजीवर बसवायची नाही. नवरा लष्करात, तेव्हा आसामात होता. फोनवर म्हणाला, "काय पण रंग लाव, मला कुठं बघायचाय?" म्हणजे ठरवायचं मीच आणि चुकलं तरी खापर माझ्याच माथ्यावर.

ऋतुजानं फोनवर एक राखाडीसर हिरवा रंग पाठवला होता. मला तो आवडला. मामांनी त्याचा हातभर पट्टा भिंतीवर ओढला, वाळू दिला आणि म्हणाले, "आता ताट आना."

"कसलं ताट?"

"जेवनाचं. घरात असंल ते."

मी तणतणत भाकरी आणि वांग्याची भाजी आणून दिली. ताट पट्ट्यासमोर धरून मामा बराच वेळ बघत राहिले. "बाई, ह्या रंगाम्होरं भाकरी कालची दिसतीया."

भाकरी दहा मिनिटांपूर्वी तव्यावरून उतरलेली. पण मी वाकून पाहिलं तर खरोखरच शिळी दिसत होती, आणि त्यामुळं मला जास्तच राग आला. मग निळा झाला. "ह्यात आमटी गढूळ." मग एक गुलाबीसर. "हे दवाखान्यात दिसतं बगा." शेजारच्या वहिनी डोकावून वास्तुशास्त्राप्रमाणं केशरी लावा म्हणाल्या, तर मामा त्यांच्या तोंडावर म्हणाले, "लावतो की. पर जेवाय मंग तुमी बसा हितं." सहा दिवसांत भिंतीवर सहा पट्टे झाले. शेवटी मामांनी स्वतःच दोन डबे मिसळून एक रंग केला आणि त्याला नाव दिलं, कढीचा. त्याच्यासमोर भाकरी भाकरीसारखी दिसली. मी म्हटलं, लावा बाबा एकदाचा.

तीन भिंती झकास झाल्या. चौथीनं माझा अंत पाहिला. ती जुनीच, मागच्या खोलीची भिंत. फरशीपासून अडीच फुटांवर तिच्यावर तळहाताएवढा एक तेलकट गोल होता. इतकी वर्षं तो तिथं असणार, पण रिकाम्या खोलीत पहिल्यांदा डोळ्यांत आला. मामांनी घासलं, पुट्टी भरली, पहिला हात मारला. सकाळी बघते तर कढीच्या रंगातून पिवळट गोल वर आलेला. दुसरा हात मारला. दोन दिवसांनी गोल हजर.

"तेल हाय बाई," मामा भिंतीकडं बघत म्हणाले. "तेल वर येतंच."

"अहो, मग काहीतरी करा ना! पन्नास वर्षं रंग लावताय आणि एक डाग जात नाही तुमच्याच्यानं?"

"जाईल की," म्हणाले, आणि ब्रश ओल्या फडक्यात गुंडाळायला लागले.

तिसरा हात. पुन्हा तेच. रविवार पाच दिवसांवर आला. मी डाग झाकायच्या मागं लागले. ऑनलाइन मागवलेली सोनेरी पानांची लोखंडी वेल आली होती, ती त्या भिंतीला लावून पाहिली. पण भिंतीवरची शोभेची वस्तू उभ्या माणसाच्या नजरेला येईल अशी लावतात, अडीच फुटांवर कोण लावतं? वेल वर आणि डाग खाली, असं ते ध्यान दिसायला लागलं. आरसा लावून पाहिला, त्यात फक्त गुडघे दिसत. मामा शिडीवर बसून माझी कसरत बघत होते. "काय लावू नगा बाई. जेवताना मानसानं मानसाकडं बगावं. भिंतीकडं कशाला बगायचं?" मी म्हटलं, "भिंत धड झाली असती तर मीही नसते बघत बसले!" शेवटी मनीप्लांटची मोठी कुंडी डागापुढं ठेवली. दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर कुंडी खिडकीत. पुन्हा ठेवली, पुन्हा खिडकीत. आबांचंच काम ते. विचारलं तर म्हणाले, "झाडाला ऊन लागतं." ब्याऐंशी वर्षांच्या माणसाशी किती भांडायचं! स्वयंपाकघरात जाऊन मी भांडी आपटली.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर मी स्वतःच राजवाड्याजवळच्या रंगाच्या दुकानात गेले. तेलाच्या डागाला काही औषध आहे का, असं विचारलं. दुकानदार हसला. "अहो, डाग दाबायचं प्रायमर मिळतं की. एक हात मारला की विषय संपला. पण मामांनी तर नेलंय ते, तुमचं काम धरलं त्याच दिवशी. तुम्हाला बोलले नाहीत?"

राजवाड्यापासून घरापर्यंत मी कशी आले ते मला आठवत नाही. मामा मागच्या पायरीवर बसून ब्रश धूत होते. त्यांची पिशवी मीच उचलली आणि उलटी केली. डबा निघाला. झाकणाचं सीलसुद्धा फोडलेलं नव्हतं.

"हे काय आहे मामा? तीन हात मारलेत तुम्ही तीन! मला वेड्यात काढताय?"

मामांनी हात पुसले. आबा आत झोपले आहेत का ते मान वाकवून पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाले, "बाई, वरडू नगा. सांगतो. पैल्या दिवशी मी त्या भिंतीला टेकून बसलो न्हवं का, तवाच मला कळालं का हितं कोन तरी रोज बसत हुतं. केसाचं तेल हाय ते. दुपारी आबा आलं आन त्या डागाम्होरं खुर्ची टाकून बसलं. दुसऱ्या दिशी बी तसंच. मंग मी इच्यारलं."

"काय म्हणाले?"

"म्हनलं, आमची मंडळी बसायची हितं. समद्यांचं झाल्याव. मी आपला जेवून भाईर सुपारी कातरत बसायचो. पंचावन्न वरीस संसार झाला पर ती काय खाती, किती खाती, एकदा बी बगितलं न्हाई. आता बगाया येऊन बसतो, तर डागच हाय निस्ता."

मीही पायरीवर टेकले.

"मला शपथ घातली आबांनी. सुनंला सांगू नगंस म्हनलं. बायकूच्या डोस्क्याचा डाग ऱ्हाऊ दे, आसं सुनंला कसं सांगायचं, लाज वाटती म्हनलं. तुमी म्हनता डाग घालवा. भिंत तुमची, डाग आबांचा, आन मी मदी आडकलोय. म्हनून निस्तं रंगाचं हात मारत ऱ्हायलो. तेवढंच दिस ढकलाय."

"मला तरी सांगायचंत!"

"तुमी इच्यारलं न्हाई बाई. तुमी रंग इच्यारला."

खूप लागलं मला ते. कारण चोवीस वर्षं मीही त्याच घरात होते. आई माझा डबा भरून द्यायच्या, संध्याकाळी मी दमून आले की माझं ताट आधी वाढायच्या, आणि मी जेवून वह्या तपासायला जायची. त्या कुठं बसतात, भाजी उरते का, हे मी तरी कधी पाहिलं होतं? डाग त्यांच्या डोक्याचा आहे हे रंगाऱ्याला पहिल्या दिवशी कळलं, आणि मी तो झाकायला कुंड्या शोधत होते. मला स्वतःचा इतका राग आला की तो नेहमीप्रमाणे मी मामांवरच काढला. "बोलत का नाही तुम्ही माणसं? तोंड दिलंय ना देवानं!"

मामांनी डबा उचलून माझ्या हातात दिला. "पंधरा मिंटाचं काम हाय. तुमी म्हनला तर आत्ता मारतो. आबांस्नी मी सांगतो काय सांगायचं ते."

मी डबा घेतला आणि माळ्यावर ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी फरशीवरचे शिंतोडे पुसून, टेबल जागेवर लावून ते गेले. जाताना दारात म्हणाले, "बाई, एक भिंत बाकी ऱ्हायली बरं का माजी. कवा बी सांगा." काम अर्धं टाकून जायचं त्यांच्या फार जिवावर आलं होतं, ते चेहऱ्यावर दिसत होतं.

रविवारी पुण्याची मंडळी आली. वेल मी दुसऱ्या भिंतीला लावली होती. कुंडी खिडकीतच होती. सगळे टेबलाशी बसले, मी वाढत होते. दुसऱ्या पोळीला मुलाच्या आईंचं लक्ष गेलंच. "भिंतीला ओल येते का हो तुमच्या?"

ऋतुजानं माझ्याकडं पाहिलं. आबांचा घास हातातच राहिला. ओल म्हणून मोकळं होणं किती सोपं होतं! मी आमटीचं भांडं खाली ठेवलं आणि म्हटलं, "ओल नाही. आमच्या सासूबाई तिथं टेकून जेवायला बसायच्या. सगळ्यांचं झाल्यावर. त्यांच्या केसांचं तेल आहे ते. आम्ही राहू दिलंय."

मग त्या बाई हळूच म्हणाल्या, "आमच्याकडंही तसंच असायचं." आबांनी घास खाल्ला, पाणी प्यायले, खाकरले. आणि शेजारची रिकामी खुर्ची ओढून ज्या आवाजात ते पलटणीतल्या पोरांना हुकूम सोडत असतील त्या आवाजात म्हणाले, "सूनबाई, ठेव ते भांडं. बस हितं. समदं घेतील आपापलं."

मी बसले. आबांनी स्वतःच्या हातानं माझ्या ताटात भाजी वाढली. जास्त वाढली, निम्मी ताटाबाहेर सांडली.

लग्न झालं. त्यानंतर आबा चार वर्षं होते. मी जेवायला बसल्याशिवाय त्यांनी एक दिवसही ताटाला हात लावला नाही. शाळेतून यायला उशीर झाला तर ते भुकेले बसून राहायचे आणि वर माझ्यावर डाफरायचे. त्या टेबलावर आमची रोज भांडणं व्हायची, पण होती ती सोबत बसून. मामा वर्षातून एकदा दिवाळीच्या आधी यायचे, कुठं काही रंगवायचं आहे का विचारायला. चहा पिताना त्या भिंतीकडं बघून चुकचुकायचे. "तीन भिंती कशा उतरल्यात बगा बाई. आन ही. लोक म्हनत्याल, दस्तगीरला काम येत न्हवतं." गंमत म्हणून नाही, त्यांना खरंच ते टोचत होतं. मी म्हणायची, "तुमच्यामुळंच झालं हे सगळं." त्यावर ते बशीत चहा ओतायचे. मागच्या दिवाळीला मात्र ते आलेच नाहीत.

आबा गेले त्या हिवाळ्यातच तासगावहून एका बाईचा फोन आला. मामांची लेक. म्हणाली, अब्बा जाऊन चाळीस दिवस झाले, छातीचं दुखणं होतं. शेवटचे काही महिने ते तिच्याकडंच होते. मग ती अडखळत म्हणाली, "बाई, तुमचं आबा गेल्याचं कळालं. अब्बा सारखं म्हनायचं, साताऱ्याच्या मास्तरनीबाईंची एक भिंत बाकी हाय, आबा हायत तवर ऱ्हाऊ दे, मंग करून दे. आमच्याकडं कामाला मानसं हायत. पाटवून देऊ का? अब्बांच्या नावावर आर्धं काम नगं."

फोन कानाला लावून मी त्या भिंतीपाशी गेले. चप्पल काढली आणि मामांसारखीच मांडी घालून बसले, पाठ टेकवली. डोकं बरोबर त्या गोलावर टेकलं. आई आणि मी एकाच उंचीच्या, हे मला तेव्हा कळलं. तिथून टेबलाच्या सहाच्या सहा खुर्च्या दिसत होत्या, आणि सहाही रिकाम्या होत्या.

"पाठवू नकोस गं," मी तिला म्हटलं. "भिंत माझी, आणि डागही आता माझाच आहे. तुझ्या अब्बांचं काम पुरं झालंय."