डाव्या स्टिअरिंगची गाडी

बाबा रिटायर झाले आणि सरकारी क्वार्टर सोडायची वेळ आली, तेव्हा आमच्या घरात तीन माणसं, खंडीभर ट्रंका आणि एक गाडी होती. माणसांची आणि ट्रंकांची सोय मी गुडगावच्या नव्या सोसायटीत, नवव्या मजल्यावर केली होती. गाडीची होणार नव्हती. एका फ्लॅटला एकच पार्किंग होतं आणि तिथे माझी ऑफिसची छोटी गाडी राहणार होती. महिन्याभरात घरची जुनी गाडी विकायची आणि विकताना बाबांचं मन मोडायचं नाही, अशी दोन कामं माझ्याकडे आली. पहिलं तरी जमेल असं मला वाटत होतं.

गाडी म्हणजे एक जुनी व्हॅन. एक परदेशी जोडपं ती युरोपातून रस्त्याने चालवत दिल्लीपर्यंत घेऊन आलं होतं. इथे नवऱ्याला कावीळ झाली, ते दोघं विमानाने परत गेले आणि गाडी बाबांच्या गळ्यात पडली. केंद्र सरकारच्या एका खात्यात जन्मभर एकाच खुर्चीवर बसलेल्या या माणसाच्या पायाला भिंगरी होती, हे आईलाही तेव्हाच कळलं. आत दोन बर्नरचा गॅस, हातपंपाचं बेसिन, घडीचं टेबल, बाकाचा होणारा पलंग. छप्पर वर उचललं की ताडपत्रीची एक खोली तयार व्हायची, त्यात मी झोपायचे. पडदे आईच्या जुन्या साडीचे. सरकतं दार पावसाळ्यात अडकायचं, ते आतून लाटण्याने ठोकून उघडावं लागे. लॅन्सडाऊन, भरतपूर, ऋषिकेशच्या वरचा गंगेचा काठ, सगळं आम्ही या गाडीतून पाहिलं.

पण तिचं स्टिअरिंग डावीकडे होतं. आपल्या रस्त्यावर पुढे ट्रक असला की डावीकडे बसलेल्या ड्रायव्हरला समोरून काय येतंय ते दिसत नाही. ते उजवीकडे बसलेल्याने सांगायचं. आईला उलटी व्हायची म्हणून ती मागे आडवी असायची. त्यामुळे आठव्या वर्षापासून ते काम माझं. मी खिडकीतून मान काढून ओरडायचे, “थांबा, थांबा... चला!” आणि बाबा माझ्या शब्दावर आख्खी गाडी बाहेर काढायचे. शाळेत मला कुणी मॉनिटरसुद्धा केलं नव्हतं.

हे सगळं आठवायला मला त्या महिन्यात वेळ नव्हता. मला तेव्हा कशातच चैन पडत नव्हतं. नवी कंपनी, नवा पगार, जिथे परवा मोहरीचं शेत होतं तिथे आज काचेची इमारत. मी जेवताना उठायचे, फोनवर बोलताना फेऱ्या मारायचे, सिनेमा संपायच्या आधी चपला शोधायचे. बाई, जरा टेक, असं आई दिवसातून चारदा म्हणायची. मी टेकत नव्हते. पेपरात जाहिरात देऊन मोकळी झाले.

गिऱ्हाइकं आली. खरंच आली, दर रविवारी. आणि दर रविवारी बाबांनी ती परत पाठवली.

त्यांची पद्धत अशी. आलेल्या माणसाला आधी आत बसवायचं. आईने पोहे द्यायचे. त्याचे पोहे संपेपर्यंत बाबा एक वही उघडणार आणि त्यातून गाडीचे दोष वाचून दाखवणार, नंबर घालून, शुद्ध ऑफिसच्या हिंदीत. चढावर इंजिन तापतं, अर्धा तास थांबावं लागतं. छप्पर मागच्या उजव्या कोपऱ्यात गळतं. ब्रेक दोनदा दाबावा लागतो. आणि शेवटी, “यह गाडी अकेले आदमी की नहीं है. दाहिनी तरफ भरोसे का आदमी चाहिए.”

करोलबागचा एक जण पोह्यांची बशी खाली ठेवून हसला. “अंकलजी, जो बंदा बीस कमियाँ खुद बता रहा है, उसने पचास तो छुपाई होंगी.” आणि गेला. त्याचं काही चुकलं नव्हतं. दिल्लीत विकणारा वस्तूचं गुणगान करतो, घेणारा नाक मुरडतो, आणि दोघं मध्ये कुठेतरी भेटतात. आमच्या बाबांनी दोन्ही बाजू स्वतःच घेतल्या होत्या. गिऱ्हाइकाला काही कामच उरत नव्हतं.

“तुम्हाला विकायचीच नाहीये,” मी तिसऱ्या रविवारी चिडून म्हणाले. “सरळ सांगा ना, यार. राजा हरिश्चंद्र व्हायची काय गरज आहे?”

“दोष लपवून विकली आणि एखाद्याचं काही झालं तर?” बाबा म्हणाले.

“मग ठेवा. नवव्या मजल्यावर चढवा.”

बाबा वही मिटून गाडीत जाऊन बसले. मला वाईट वाटलं. पण मला वाईट वाटत राहायलाही सवड नव्हती. क्वार्टर सोडायला आठवडा राहिला होता.

चौथ्या रविवारी छत्तरपूरचा एक केटरर आला. लग्नांची कामं घेणारा, गळ्यात जाड साखळी, आवाज मोकळा. त्याने पोहे दुसऱ्यांदा मागून घेतले आणि बाबांची वही पूर्ण ऐकली. मग म्हणाला, “अंकलजी, इंजन तो मैं निकलवा दूँगा. फार्महाउस पे खडी करेंगे. खिडकी में से गोलगप्पे, टिक्की. बच्चे पागल हो जाएँगे.”

मी डोळे मिटले. म्हटलं, झालं, आता बाबा याला हाकलणार. गंगेच्या काठावर नेलेल्या गाडीतून गोलगप्पे.

बाबांनी खिशातून पेन्सिल काढली. “म्हणजे चालणारच नाही कधी?” असं त्याला मराठीतच विचारलं. मग भानावर येऊन हिंदीत विचारलं. तो नाही म्हणाला. तेव्हा बाबांनी वहीतला एकेक दोष खोडायला सुरुवात केली. इंजिन, ब्रेक, डावं स्टिअरिंग. शेवटी दोनच राहिले. “छत टपकती है,” ते म्हणाले, “और दरवाजा अटकता है.” सौदा झाला. बाबांच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं काहीतरी होतं. ते मला मुळीच समजलं नाही, आणि राग मात्र आला. मी महिनाभर ज्याचं मन जपत होते, तो माणूस हा?

गाडी पोचवायची आम्हीच, असं ठरलं. निघायच्या सकाळी आई गाडीतल्या बरण्या भरत होती. एकीत साखर, एकीत पोहे, एकीत मेतकूट. “अगं, तो केटरर आहे,” मी म्हणाले. “रिकामा डबा कुणाला देऊ नये,” आई म्हणाली, आणि लाटणंही ड्रॉवरमध्ये ठेवलं. ती गाडीत बसली नाही. ट्रंकांपाशी थांबते म्हणाली.

बाबा डावीकडे, मी उजवीकडे. सकाळचे दहा. मेहरौलीपर्यंत मी जुन्या सवयीने “थांबा, चला” करत होते आणि बाबा बिनचूक ऐकत होते. पुढे एका फार्महाउसच्या भिंतीमागून दूधवाला सायकलवर बाहेर आला. डावीकडून, बाबांच्याच बाजूने. मला वाटलं त्यांना दिसला असणार. गाडी तशीच चालली होती. मी किंचाळले आणि हँडब्रेक ओढला. कॅन खणखणले, दूधवाल्याने आमच्या खानदानाचा उद्धार केला आणि तो निघून गेला. त्याला काही झालं नव्हतं.

बाबांनी इंजिन बंद केलं.

“डाव्या डोळ्याने दिसत नाही,” ते म्हणाले. “वर्ष झालं. डॉक्टर म्हणाले, परत यायचं नाही.”

“आणि ते वहीत लिहिलं नाहीत?”

“वही गाडीची होती.” मग म्हणाले, “तुला सांगितलं असतं तर तू त्याच दिवशी किल्ली काढून घेतली असतीस.”

घेतलीच असती. घाईत होते, दोन मिनिटांत तेही काम उरकलं असतं. वर्षभर मी त्यांच्यासमोर बसून जेवले होते, आणि अर्ध्या जेवणातून उठले होते. मला त्यांच्या डोळ्याकडे बघायला झालं नाही, याची लाज वाटली.

आम्ही जागा बदलल्या. ही गाडी मी कधी चालवली नव्हती. गिअर उजव्या हाताला, ब्रेक दोनदा. शेवटचे चार किलोमीटर. वळणाच्या पुढे विटांनी भरलेला एक ट्रक, बैलगाडीच्या वेगाने. मला समोरचं काहीच दिसेना. फक्त विटा आणि धूळ.

बाबांनी उजवीकडच्या खिडकीतून मान बाहेर काढली. त्या बाजूचा डोळा चांगला होता. “थांब,” ते म्हणाले. “थांब... थांब...”

मी थांबले. वाऱ्याने त्यांचे पांढरे केस उभे राहिले होते. दहा मिनिटं झाली असतील. ट्रक पुढे, आम्ही मागे, तसेच फार्महाउसच्या फाटकापर्यंत आलो. एकदाही त्यांनी “चल” म्हटलं नाही.

“रस्ता मोकळा झालाच नाही का हो?” गाडी बंद करत मी विचारलं.

“झाला होता की,” बाबा ड्रॉवरमधून लाटणं काढत म्हणाले. “दोनदा.”