बिदाईचा शेवटचा फोटो

ऐंशीच्या सुमारास सिहोऱ्याला माझ्या मावसबहिणीचं लग्न झालं. त्यातला नवरदेव मला आता आठवत नाही, फोटोग्राफर मात्र जसाच्या तसा डोळ्यांपुढे आहे. त्याचं नाव कुणी विचारलंच नाही. सगळे 'ओ फोटोवाले' म्हणायचे. फोटोआधी तो दोन बोटांनी हवेतच समोरच्याची हनुवटी वळवायचा आणि अख्खं वऱ्हाड माना वळवायचं.

बिदाईच्या सकाळी मी आणि नटलेली नवरी मांडवामागं गेलो, तर हा मोहाच्या झाडाखाली उभा. वर ढोलीच्या तोंडाशी एक पिंगळा, म्हणजे मुठीएवढं घुबड, ऊन खात बसलेलं. "मान जरा डावीकडं," हा विनवत होता. पिंगळा खालीवर डोलत ह्यालाच निरखत होता.

"काढा ना मग फोटो," नवरी म्हणाली.

"रोलात एकच उरला, बाई. तो तुमच्या बिदाईचा आहे." त्याचा चेहरा रडवेला झाला. "पण रानातलं घुबड असं पुन्हा कधी बसन?"

"माह्या रडक्या तोंडापेक्षा ते बरं दिसन. काढा, भाऊ. आईले मी नाही सांगत."

त्यानं काढला. लग्नघरी घुबडाचा फोटो! मावशीला कळतं तर तिनं त्याला तुमसरपर्यंत पिटाळलं असतं.

बिदाईला मावशीनं लेकीच्या गळ्यात पडून हंबरडा फोडला, तेव्हा त्यानं नुसताच फ्लॅश उडवला. मावशीनं रडणं थांबवून पदर सारखा केला. "आणखी एक," तो गंभीरपणे म्हणाला.

खुदखुदत सासरी निघालेली नवरी मी ती एकच पाहिली.