फिरत्या चाकावरची रेघ

मी चौथीच शिकलेली. कुणी वाचलंच, तर वेड्यावाकड्या अक्षराला आणि चुकांना माफ करा.

आज अंगणातून पेट्रोलचा वास आला आणि शबाना आठवली. जुन्नरच्या मेकॅनिकची लेक. आमच्या यांच्याकडे कातळावर चढायच्या शर्यतीची जुनी मोटरसायकल आहे, इलेक्ट्रॉनिक इग्निशनवाली. ठिणगी वेळेवर पडते का, ते टायमिंगच्या दिव्याशिवाय कळत नाही. तो दिवा घेऊन शबाना घाटघरला आमच्याकडे आली होती. इंजिन चालू झालं की ती इंजिनातल्या फिरत्या चाकावर दिवा धरायची. हे बघायचे, इंजिन बंद करून आतली प्लेट किंचित सरकवायचे, परत किक मारायचे.

"शबाना, अजून जवळ. शबाना, लई भारी!"

मला मात्र लग्नापासून नुसतं 'अगं'. हातातला चहा निवला, तरी मी दारातच उभी.

तिला काय कळलं कुणास ठाऊक. "वहिनी, माझा हात भरून आला. तुमी धरा."

"हिला न्हाई जमायचं," हे म्हणाले.

मी दिवा घेतलाच. ठिणगीगणिक उघडझाप करणाऱ्या त्या उजेडात, गरगर फिरणाऱ्या चाकावरची पांढरी रेघ एका जागी थांबलेली दिसली. हे वाकले, अगदी माझ्या गालाशी.

"सुमन, हलू नको."

मी शबानाकडे मुद्दाम बघितलं. ती हसत होती.

आता कळतं, त्यांचं सगळं लक्ष रेघेवर होतं. तरी ते 'सुमन' मी जपून ठेवलंय. परत कधी ऐकलं नाही. आज उठून बघितलं, तर यांनी तसलाच दिवा आणि तो धरायला लोखंडी स्टँड आणलाय. मेला, जरासुद्धा हलत नाही.