हीटर, पोतं आणि साठ पिल्लं

ठाण्याहून निघताना बायकोनं स्वेटर दोनदा बॅगेत भरला आणि मी दोनदा काढून ठेवला. नाशिक रोडला सकाळी उतरलो तेव्हा माझे दात वाजत होते. ऐंशीच्या सुमाराचा तो जानेवारी होता.

निफाडला मित्राकडे जायला जीप मिळाली. देवळाली कॅम्पातल्या लिलावातली, जुनी लष्करी. "हीटर हाय, साहेब!" ड्रायव्हर दामू ऐटीत म्हणाला. मागं निफाडलाच निघालेल्या, दामूच्या ओळखीच्या आमिनाभाभी बसल्या होत्या. मांडीवरच्या भोकं पाडलेल्या खोक्यात कोंबडीची साठ पिल्लं जिवाच्या आकांतानं ओरडत होती.

"थंडी वाजती त्यांना," भाभी म्हणाल्या. "मागल्या हिवाळ्यात आनली ती सगळी गेली. आता ही गेली तर आमचे मालक परत आनू द्यायचे नाय."

मी तत्परतेनं हीटरचा पंखा सोडला. बर्फासारखा वारा आला.

"आवो, बंद करा!" दामू ओरडला. "आधी इंजिनाचं पानी तापू द्या. त्याच पान्याच्या नळ्यांवरनं वारा येतो, तवा ऊब."

मी शहाणपण आवरून बसलो. पण चांदोरी आली तरी पाण्याच्या तापमानाचा काटा हलेना. दामूनं कपाळाला हात लावला. गाडी तापू नये म्हणून मिस्त्रीनं उन्हाळ्यात थर्मोस्टॅट (पाणी तापेपर्यंत त्याला रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) काढून टाकला होता. पाणी तापायच्या आतच गार होत होतं.

आम्ही चहाला थांबलो. पिल्लांचा कालवा ऐकून चहावाल्यानं न मागताच बसायचं पोतं काढून दिलं. दामूनं ते रेडिएटरपुढं बांधलं, म्हणजे गार वारा अडला. दोनेक मैलांवर काटा चढला. मग पंखा लावला, आणि आधी पायांना, मग गुडघ्यांना ऊब लागली. बरं वाटलं.

तेवढ्यात खोकं गप्प झालं.

भाभींचा चेहरा पांढरा पडला. "मागल्या येळी बी अशीच गप झालती. तुमीच बघा, भाऊ. माझा हात होत नाय."

मी झाकण उचललं. पिल्लं ऐसपैस पसरली होती. एकानं डोळा उघडून माझ्याकडं रागानं पाहिलं आणि मान पुन्हा टाकली.

"झोपलीत, भाभी."

त्या पदरात तोंड घालून रडल्या. दामूनं जीप एकदम हळू केली. निफाड येईपर्यंत त्यानं हॉर्नला हात लावला नाही.

ठाण्याला परतल्यावर बायकोनं विचारलं, निफाडहून आणायला सांगितलेली द्राक्षं कुठायत? मी विसरलो होतो. तिला ही हकिगत सांगायला बसलो, आणि खोकं उघडण्यापर्यंत आलो तेव्हा माझा आवाज आपोआप हळू झाला.