जिथे तेल तिथे तोंड : मुलुंड, अंधेरी, खारदांडा

हे लिहायला मी दोन महिने लावले, कबूल. ऑगस्टमध्ये लिहिते म्हटलं, गणपती झाले की लिहिते म्हटलं, मग एक मित्र मुरबाडला निघाला आणि मी त्याच्या मागे बसून गेले. पण नुसता आळस नव्हता. या ट्रिपला शेवटच मिळत नव्हता. आज म्हटलं, नसू दे.

ठरवलं होतं ते इतकंच की खिशात फार नाही तर मुंबईबाहेर जायचंच नाही. बोरिवलीची पोरगी मी, उपनगरंच फिरायची, पर्यटक असल्यासारखी. जुलैचा शेवटचा आठवडा, मामाची जुनी टू-स्ट्रोक स्कूटर, पहिल्या दिवशी मुलुंड. जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडने जाणार असाल तर आठच्या आत पवई ओलांडा, नाहीतर तलाव बघत बसा. मी बसले. कणीस खाल्लं. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायचं विसरलेय हे मुलुंडात शिरताना इंजिन जाम झालं तेव्हा कळलं.

ढकलत ढकलत जिथे पोचले ते बाबीकाकांचं गॅरेज. साठीचे, मूळचे मालवणकडचे. वडील गिरणीत होते, हे आयुष्यभर इंजिनात. पिस्टन काढून त्यांनी माझ्या नाकासमोर धरला. उभे चरे पडले होते.

"बघ चेडवा. तेल नसला की लोखंड लोखंडाक खाता. आता सांजपर्यंत बस."

बसले, म्हणजे गॅरेजभर हात लावत फिरले. कोपऱ्यात एक काचेची पेटी होती, तळाला काळं तेल आणि आत पितळेचा पाईप. मी पेटी कलती केली. तेल डावीकडे सरकलं, पाईपचं तोंडही त्याच्या मागे वळलं. उजवीकडे कलवली, पुन्हा तेच.

"हात लावू नको गो!" काका ओरडले. मग स्वतःच पेटी मांडीवर घेऊन सांगायला लागले.

गोष्ट अशी. इंजिनाच्या तळाशी तेलाचं चेंबर असतं. त्यातला पाईप तेल ओढून वर बेअरिंगांना पाजतो. रस्त्यावर ठीक आहे. समुद्रात बोट कलंडते, तेल एका बाजूला जातं, पाईप मात्र जागचा हलत नाही. तेवढा वेळ तो हवा पितो आणि बेअरिंग कोरडी पडते. असं दिवसभर झालं की इंजिन बसतं. काकांनी पाईपच्या वरच्या टोकाला पितळी गोळीचा सांधा केला होता आणि खालच्या तोंडाला वजन. जिथे तेल तिथे तोंड.

मी लगेच मोबाइलवर शोधलं. कसरती करणाऱ्या विमानांत असलंच काहीतरी असतं म्हणे. भीत भीत दाखवलं.

"असूंदे," काका म्हणाले. "त्येंनी खारदांड्याच्या बोटीत बसवलान काय?"

दुसऱ्या दिवशी ते पेटंटचं विचारायला अंधेरीला जाणार होते. मी स्वतःच स्वतःला आमंत्रण दिलं. घाटकोपरहून मेट्रो घ्या, गार असते आणि वरून लोकांच्या गच्च्या दिसतात. काका मात्र पायाखाली बघत होते. "हिच्यात तेल खय घालतत?"

सल्लागार बाई तरुण आणि सरळ बोलणाऱ्या होत्या. "कल्पना जुनी आहे काका, पण तुमचा सांधा नवा असू शकतो. ड्रॉइंगला आणि अर्जाला तीन आठवडे द्या. तोपर्यंत कुणालाही दाखवू नका. चारचौघांनी पाहिलं की मग नवं म्हणून सांगणं कठीण."

काकांनी माझ्याकडे बोट केलं. "हिणा पाहिलान."

बाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "ह्यांना काही कळलं नसेल."

हसू नका.

अडचण तारखेची होती. मासेमारीची बंदी जुलैअखेर संपते. ज्या बोटीवर काका हे लावणार होते तिचं इंजिन आत्ता उघडं होतं. एकदा बंद झालं की पुढच्या पावसाळ्यापर्यंत चेंबर उघडणार नाही. आणि समुद्रात चालल्याशिवाय काका स्वतःच त्यावर विश्वास ठेवणार नव्हते. "पेटीतलो समुद्र माझ्या हातातलो," ते म्हणाले. म्हणून त्यांनी ठरवलं, बसवायचं, पण लपवून.

तिसऱ्या दिवशी खारदांडा, खारजवळचा कोळीवाडा. स्कूटर मुख्य रस्त्यालाच लावा, आतल्या गल्लीत जाळी पसरलेली असतात आणि चाक गेलं तर शिव्या मिळतात, मला मिळाल्या. बोटीची मालकीण हिराबाय. तिने आधी तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी पुढे केली, मग ताडपत्रीखालचं इंजिन दाखवलं.

काकांनी टॉवेलात गुंडाळलेला पाईप काखेतून काढलाच नाही. "अर्धो तास सगळ्यांनी लांब जावा. हिराबाय, तू पण."

दांड्यात कुणाचं इंजिन उघडलं की आजूबाजूचे सगळे जमतात, सल्ले देतात. दहा-बारा जण आधीच उभे होते.

"काका, टॉवेलात नवरी आणली काय?" कोणीतरी ओरडलं.

हिराबाय हसली नाही. "गेल्या साली इंजिन भर समुद्रान बसला. माझा मोठा पोरगा दोन दिवस बोटीवर लटकला होता. मी बघितल्याबिगर माझे बोटीन काय जानार नाय. दाखव, नायतर ने परत."

मी काकांच्या कानात कुजबुजले, "काका, त्या बाई काय म्हणाल्या..."

"माका आठवता." ते खाली बसले. टॉवेलाची गाठ हाताने चाचपत होते. मग त्यांनी टॉवेल जमिनीवर पसरला आणि पाईप सगळ्यांच्या मधोमध ठेवला.

प्रश्नांचा पाऊस. काका उत्तरं देत होते, रंगात आले होते. तेवढ्यात एका म्हाताऱ्या खलाशाने विचारलं, "गोळी झिजली तर? सांध्यातून हवा शिरंल ना?"

काका गोळी अंगठ्याने फिरवून फिरवून बघायला लागले.

"मग सांधा वर कशाला? खाली घे, तेलातच बुडव ना," म्हातारा म्हणाला. "गळली तरी हवा नाय, तेलच खेचंल."

काकांनी कपाळावर हात मारला. "तीन वर्सां! तीन वर्सां मी गोळी घासतंय!"

शेजारच्या शेडमध्ये पाईप कापून, वाकवून, सांधा तळाला घ्यायला तीन तास लागले. चेंबर बंद झालं तेव्हा चहा आला.

घरी येऊन मी ज्याला त्याला हेच सांगत सुटले. सल्लागार बाईंना कळवलं तर त्या म्हणाल्या, "आता अवघड आहे." काकांना वाईट वाटलं की नाही, मला आजवर कळलेलं नाही. कागदावर आपलं नाव यावं ही त्यांची हौस होती, ती सुटताना मी डोळ्यांनी पाहिली. आणि ज्या गोष्टीने तो पाईप खरा सुधारला ती टॉवेल उघडल्यावरच आली, हेही पाहिलं. दोन्हींची बेरीज मला जमत नाही. शाळेतही गणित कच्चंच होतं.

पण पाईप चालला का? ऑगस्ट गेला, सप्टेंबर गेला. दांड्याहून फोन नाही. फोन करा म्हटलं तर काका म्हणत, "नको गो. बंद पडला असात तर काय आयकू?"

इथपर्यंत लिहिलं आणि मोबाइल वाजला. बाबीकाका, दबक्या आवाजात. "चाय सांगूक जातंय म्हणान भायर इलंय. हिराबाय गॅरेजात इली हा, मुलुंडाक! वांगडा तीन बोटवाले. प्रत्येकाच्या काखेत आपापल्या इंजिनाचो पाईप."